सात नंबरचा शिक्का

विनताने हनुवटी लाकडी पट्टीवर तशीच टेकवून ठेवली आणि शेवटच्या चित्राची वाट पाहिली. पडद्यावर पितळेचा एक व्हॉल्व्ह आला, अंगठ्याएवढा. चांगला. तिने डावीकडची कळ दाबली. पडदा पांढरा झाला.

“झालं काकू. आता मान मोकळी करा,” श्रद्धा म्हणाली. “पन्नास मिनटं झाली. तुम्ही एकदाही ब्रेक नाही मागितला.”

“आम्ही आठ-आठ तास बसत होतो बाई. काहून मागू?”

श्रद्धा हसली. कॉलेजातली ही खोली तिच्या संशोधनाची होती. खिडक्यांना काळे कापड लावलेले, टेबलावर संगणक आणि पडद्याखाली कॅमेऱ्याची एक बारीक पट्टी. माणसाचे डोळे काय बघतात आणि काय सोडून देतात, हा तिचा अभ्यास. त्यासाठी ती रिछाईतल्या बंद पडलेल्या कारखान्यांतल्या जुन्या चेकर बायका शोधत होती. बोलता बोलता मध्येच हिंदीवर जायची, पण विनताकडे तीनदा येऊन गेली तेव्हा दर वेळी वाकून नमस्कार केला होता पोरीने.

“किती पकडले मी?”

“चारसौ में चार ख़राब थे. तुम्ही दोन पकडले.”

विनताने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. एकतीस वर्षे तिने व्हॉल्व्ह तपासले होते. चार नंबरचा शिक्का तिचा. तो मारलेला माल परत येत नाही, असे मालकसुद्धा म्हणत.

“मशीन चुकलं असेल तुझं.”

श्रद्धाने वाद घातला नाही. तिने एक चित्र पुन्हा पडद्यावर आणले. त्यावर एक लाल ठिपका फिरू लागला.

“ही तुमची नजर आहे काकू. बघा.”

ठिपका व्हॉल्व्हच्या तोंडाशी गेला, आट्यांवरून खाली उतरला, मानेपाशी येऊन थांबला. तिथेच केसाएवढी काळी भेग होती. ठिपका त्या भेगेवर क्षणभर टेकला आणि निघून गेला.

“नजर तिथं गेली होती,” श्रद्धा म्हणाली. “पर दिखा नहीं. सगळ्यांचं असंच होतं. खराब पीस जितके कमी, तितके जास्त सुटतात. शेकडो चांगले पाहिले की डोळे चांगलंच बघत राहतात.”

“पण ही तर ढळढळीत दिसून राहिली.”

“आता दिसणारच ना. मी सांगितलं ना की इथे आहे.”

विनताने हात मांडीवर ठेवले. ते तिचे आहेत असे तिला वाटेना.

तेव्हाही भेग तिला लगेच दिसली होती. चोवीस वर्षांपूर्वी साहेबांच्या खोलीत पांढऱ्या कागदावर एक फुटका व्हॉल्व्ह ठेवला होता आणि वर दिवा ओढला होता. दोन दिवस आधी तो चाचणीत फुटला आणि बळीराम फिटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. व्हॉल्व्हवर सात नंबरचा शिक्का होता, म्हणजे पुष्पाचा. चौकशीला सगळ्यांत जुनी चेकर म्हणून विनताला बोलावले. फुटण्याच्या जागेपासून पुढे जुनी भेग गेलेली होती.

साहेबांनी विचारले, “दिसते का?”

ती म्हणाली, “दिसते.”

तेवढेच विचारले आणि तेवढेच तिने सांगितले. पुष्पा दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून तपासणीच्या टेबलाभोवतीच्या आठ खुर्च्यांपैकी एक रिकामी झाली.

“काकू, पाणी देऊ?”

“नको. मला गोरखपूर मोहल्ल्यात जायचं आहे. ऑटो मिळेल ना फाटकाशी?”

ऑटोत बसल्यावर तिला वाटले, रडू येईल. आले नाही. सदरचा बाजार मागे गेला, मग पूल आला, आणि ती टेबलाभोवतीच्या बायका आठवत राहिली. तिची स्मरणशक्ती घरात प्रसिद्ध होती. कुंदा डब्यात रोज कारल्याच्या काचऱ्या आणायची आणि वाटून टाकायची, स्वतः मात्र दुसऱ्यांचे खायची. वसुधा भेग सापडली की जीभ चावायची. पुष्पाच्या हातात हिरव्या बांगड्या असत आणि ट्रे सरकवताना त्या वाजत. मुलगा अंकुर झाल्यानंतर ती आणखी गोल झाली होती, चालताना धापा टाकायची. सगळे जसेच्या तसे होते. चोवीस वर्षांत विनता तिला दोनदाच भेटली, दोन्ही वेळा लग्नात, आणि दोन्ही वेळा दोघींनी फक्त मुलांची चौकशी केली.

दार पुष्पानेच उघडले. आता ती वाळून गेली होती.

“विनता? अगं, चुकली का रस्ता?”

“तुझ्याकडेच आली.”

“ये मग. गुडघा धरून ये, पायरी उंच आहे.”

समोरच्या खोलीत दोघी पलंगावर बसल्या. आत सून स्वयंपाक करत होती, कुकरची शिट्टी झाली. पुष्पाने चहा आणला. विनताने पहिला घोट घेऊन लगेच बोलायला सुरुवात केली, कारण थांबली असती तर ती उठून गेली असती. तिने कॉलेजातली परीक्षा सांगितली, चारशे चित्रे सांगितली, लाल ठिपका सांगितला.

“माझे दोन सुटले, पुष्पा. भेगेवर डोळा गेला तरी सुटली. ती पोरगी म्हणते, कोणाचंही होते. त्या दिवशी मी साहेबांसमोर ‘दिसते’ म्हटलं, ते मला सांगूनच दाखवली होती म्हणून. तुझ्या जागी कोणीही असतं तरी सोडलीच असती. हेच सांगायला आली. तुझी चूक नव्हती.”

पुष्पाने बशी खाली ठेवली.

“माझी कशी असेल?” ती म्हणाली. “मी तर नव्हतेच तिथं.”

“कुठं नव्हती?”

“खुर्चीवर. अंकुर चार महिन्यांचा होता. सासू त्याला मागच्या फाटकाशी घेऊन आली होती, तापानं फणफणला होता. मी पाजायला गेली. पाऊण तास लागला. माझा ट्रे तू केला ना. फुटला तो त्यातलाच.”

खोलीत पंखा फिरत होता. विनता त्याच्याकडे बघत राहिली.

त्यांच्या टेबलावर तशी रीतच होती. खुर्ची सोडायची तर चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठीवर सही होईतो अर्धा तास जाई. म्हणून एकीला उठावे लागले की शेजारणीने सरकून तिचा ट्रे करायचा, तिचाच शिक्का मारायचा. सगळ्या करत. विनताने पुष्पाचे असे कितीतरी ट्रे केले असतील.

“तू बोलली काहून नाही?” तिचा आवाज तिलाच दूरचा वाटला.

“काय बोलू? खुर्ची सोडली म्हणून मी गेलीच असती. दुसरीचा शिक्का मारला म्हणून तुलाही काढलं असतं. दोघी गेलो असतो.” पुष्पा भाजीचा भाव सांगावा तसे सांगत होती. “माझ्या घरी यांचा खमरियाच्या फॅक्टरीतला पगार होता. तुझे यजमान तर तेव्हा पलंगाला लागले होते. मी दाराशी उभी होते, तू ‘दिसते’ म्हटलं. मी म्हटलं, बरं, हिनं पण तोच हिशोब केला.”

“पुष्पा...”

“राग आला होता. खोटं काहून सांगू? दोन-चार वर्षं चांगलाच होता. बळीराम आमच्याच गल्लीत राहायचा. त्याची बायको मला नळावर पाहिलं की भरलेली बादली तशीच सोडून घरात निघून जायची. पोरं म्हणायची, आंधळी चेकर. शेवटी घर बदललं आम्ही.” ती पलंगाच्या चादरीवरची सुरकुती तळव्याने सपाट करत राहिली. “पण मनात म्हणायची, विनताला माहीत आहे. कोणाला नसू दे, एकीला तरी माहीत आहे की मी तिच्यासाठी गप्प बसली. तेवढ्यावरच काढलं बघ.”

विनताने डोळे मिटले. तो दिवस तिने शोधला. डब्यात वांग्याची भाजी होती. दुपारी वीज गेली होती आणि वसुधा वहीने वारा घेत होती. पुष्पाच्या बांगड्या ऐकू येत होत्या. की येत नव्हत्या? आपण उठून शेजारच्या खुर्चीत बसलो, सात नंबरचा शिक्का हातात घेतला, असे काही तिला कुठेच सापडेना. पुन्हा सुरुवातीपासून पाहिले. वांगी, वीज, वसुधा. तिथे काहीच नव्हते.

“तुला आठवते ना?” पुष्पाने विचारले. तिचा हात चादरीवर थांबला होता.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. गोभी, मटर, ताज़ा मटर.

“आठवते,” विनता म्हणाली.

“मग आत्ता ते ठिपका नि बिपका काय सांगून राहिली होती?”

“सरळ बोलायला जमलं नाही.”

“चोवीस वर्षं?”

“हो.”

पुष्पाने तिच्याकडे रोखून पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. विनताने नजर हलवली नाही.

“भित्री,” पुष्पा म्हणाली. “पहिल्यापासून भित्रीच तू.”

मग तिने मान वळवून आत हाक मारली, “माधवी, चार पोळ्या जास्त टाक बेटा. माझी मैत्रीण आली आहे.”