उत्तरदात्री क्रमांक चौदा

मित्रांनो, माझ्याजवळ येताना सांभाळून या, माझा स्वभाव चांगला नाही. मी अठरा पानांचा एक जुना शोधनिबंध आहे. नांदेडच्या एका महाविद्यालयात, माध्यम विभागाच्या कपाटात, माझी झेरॉक्स प्रत पडून असते.

मला मल्लिनाथ सरांनी लिहिले. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात ते एकच दुपार गेले, चाळीस बायकांना मोबाइलबद्दल प्रश्न विचारले आणि परत आले. मग त्यांनी माझ्यात इतके जड शब्द घातले, की माझा मलाच अर्थ लागेना. परिषदेत टाळ्या मात्र पडल्या. पुढे दरवर्षी विद्यार्थी मला नेत, पिवळ्या पेनाने रंगवत आणि न समजता परत ठेवत. मला त्यांचा संताप येई.

यंदा धम्मप्रिया नावाच्या मुलीने मला चर्चासत्रासाठी घेतले. ती शब्दकोश घेऊन बसली. 'नवमाध्यमांविषयीची भयाधिष्ठित अलिप्तता' असल्या शब्दांनी भरलेल्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने लिहिले, 'बायका मोबाइलला भितात.' चार ओळींच्या वाक्यातून एवढेच निघाले! पुराव्याला माझ्यात लिहिले होते, 'उत्तरदात्री क्रमांक चौदा मोबाइल ज्वारीच्या कोठीत ठेवते.'

ती दचकली. ते गाव तिच्या आत्याचे होते, आणि कोठीत मोबाइल ठेवणारी तिची आत्याच, सरजाबाई.

रविवारी ती मला घेऊन गावी गेली आणि ते पान आत्याला सोपे करून सांगितले. सरजाबाई भडकल्या.

"भ्याले? मी? अगं, पोरीचा बारावीचा अभ्यास त्या फोनात होता. फोन दिसला की तिचे चुलते उचलून न्यायचे. म्हणून लपवला म्या!"

"मग सरांना सांगितलं न्हाईस?"

"फोन कुठं ठेवता, एवढंच इचारलं त्यांनी. का ठेवता, हे इचारलंच न्हाई. आन् मला भित्री लिहून मोकळे झाले व्हय?"

मी धम्मप्रियाच्या मांडीवर होतो. मला पाने असूनही तोंड लपवता येईना.

चर्चासत्रात धम्मप्रियाने हे सगळे जसेच्या तसे मांडले. समोर मल्लिनाथ सर बसले होते.

"आत्याचं ऐकून सिद्धांत बदलत नसतो," ते म्हणाले. "सिद्धांत समजायला वाचन लागतं. बस खाली."

"वाचूनच आले सर. तुम्ही 'का' विचारलं होतं का, तेवढं सांगा."

सरांनी मला तिच्या हातातून हिसकावले आणि टेबलावर आपटले. माझी पिन निघाली, पाने जमिनीवर पसरली. एकाही विद्यार्थ्याने ती उचलली नाहीत. धम्मप्रियाने खाली बसून एकेक पान गोळा केले. तिला सर्वांत कमी गुण मिळाले. माझ्यावरचे आरोप मागे घ्यावेत, असे तिला सुचवले गेले. तिने घेतले नाहीत.

आता ती आत्याच्या मदतीने शोधत उरलेल्या एकोणचाळीस बायकांकडे जाते आहे. अकरा जणींशी बोलून झाले. प्रत्येकीला ती आधी वाचून दाखवते, तिच्याबद्दल मी काय म्हणालो ते.

मित्रांनो, मी समजलो नाही तर माझ्यापुढे मान तुकवू नका. माझ्याशी भांडा. आणि माझ्यात कुणाचा क्रमांक दिसला, तर त्या माणसाचे नाव शोधा.