इकडे पुसलं की तिकडेही

नवऱ्याचा आवाज तिला आठवेना. चेहरा आठवत होता, जिन्यावरची पावलं आठवत होती, खोकलासुद्धा आठवत होता; बोलणं मात्र पार पुसलं गेलं होतं. तो गेल्यापासून ती रडली नव्हती. भेटायला येणारे म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, दगड झाली होती, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

तो कानाची यंत्रं दुरुस्त करायचा. यंत्र कानात बसवलं की गिऱ्हाइकाला नीट ऐकू येतंय का, हे तपासायला त्याने आपल्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. वाक्यं कुठून आणणार? घरातलीच उचललेली. 'माझा चष्मा कुठे ठेवलास?' 'दूध उतू जातंय बघ.' ती म्हणायची, "आपला संसार गावभर ऐकवतोस तू."

घरात कॉम्प्युटर दोन. त्याचा बाहेरच्या खोलीत, तिचा आत शिवणयंत्राशेजारी. दोन्हींमध्ये त्याने एक सामाईक फोल्डर जोडून दिला होता. इकडे ठेवलेलं तिकडे आपोआप दिसायचं. एकदा तिने अडगळ समजून आपल्याकडची काही वाक्यं पुसली, तर त्याच्याकडचीही गेली. घसा बसलेला असताना त्याला ती पुन्हा बोलावी लागली. तेव्हा त्याने बजावलं होतं, "अगं, ही वेगळी प्रत नाही. इकडे मेलं की तिकडेही मेलं."

धाकटा दीर मोठा हौशी. बोलवायच्या आत हजर, आणि आला की हात स्वस्थ नाहीत. दादाचा कॉम्प्युटर मुलीला नेऊ का, असं त्याने विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची.

"वहिनी, दादाच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून लख्ख केलं," तो बाहेरून म्हणाला. "तुमचं काही गेलं नाही हं. त्या फोल्डरमधलं सगळं तुमच्याकडे असणारच."

होतं खरं. तिचा कॉम्प्युटर हॉस्पिटलच्या धावपळीपासून बंदच होता, म्हणून होतं. इंटरनेट चालू असताना तो सुरू केला, की संपलं. ती उठली, बोळात गेली आणि राउटरचा प्लग उपटला. दिराला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बिचारा ओशाळला असता, आणि त्याची समजूत घालण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता.

कॉम्प्युटर सुरू झाला. वाक्यं ओळीने जागच्या जागी होती. तिने मधलंच एक उघडलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्याने श्वास घेतला, आणि तिने चटकन थांबवलं. ऐकूनही आपल्याला काहीच वाटलं नाही तर? तिला त्याचीच भीती वाटली. ते तसंच उघडं ठेवून ती पेनड्राइव्ह शोधायला स्वयंपाकघरात गेली.

ड्रॉवरमधून तो घेऊन आली, तर यादी रिकामी होत होती. एकेक ओळ नाहीशी होत होती, गडबड नाही, गोंधळ नाही.

"वहिनी, राउटरचा प्लग निघाला होता," बोळातून आवाज आला. "लावलाय मी."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिची सरकली नाही. ती पेनड्राइव्ह हातात धरून नुसती बघत राहिली. कचरापेटीही रिकामी होती. अडगळ साठलेली नवऱ्याला खपायची नाही, म्हणून पुसलेलं कायमचंच जाईल अशी सोय त्यानेच केली होती.

यादीत एकच ओळ उरली. मघाशी उघडी ठेवलेली. उघडी फाइल कॉम्प्युटरला पुसता येत नव्हती.

तिने ती आधी पेनड्राइव्हवर घेतली. उघडून खात्री केली, पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला. मग थांबवलेलं पुढे चालू केलं.

"खिडकी लावून घे, वारा येतोय."

हाच तो आवाज. जरासा घोगरा, शेवटी किंचित कुरकुरणारा.

दीर दारात येऊन उभा राहिला. "काही बिघडलं का, वहिनी?"

"नाही," ती म्हणाली आणि उठली.

खिडकी बंदच होती, तो गेल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. तिने कडी काढली, दोन्ही दारं उघडली, अंगावर वारा येईपर्यंत थांबली. मग त्याने सांगितल्याप्रमाणे लावून घेतली, आणि कडीवरचा हात न काढता रडू लागली.