हाताचा गुण

इंदुबाईंनी चिंधीची गाठ दातांनी सोडली, राखेत घोळलेलं बी तळहातावर घेतलं आणि हलकी फुंकर मारली. राख उडाली, बी राहिलं.

"हे आधी," त्या म्हणाल्या. "तुझी पाकिटं मागनं."

त्यांची सून वर्षाराणी पाटावर बसून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत होती. तिला तिसरा महिना सरत आला होता, पण अंगावर काही दिसत नव्हतं. उलट गालफडं वर आली होती.

"आत्या, ही जात वेलासारखी वाढते. सुतळीवर चढवली की कमी जागेत बसेल. ही दुसरी बुटकी आहे, एकदम फळं देते नि संपते. आपल्याला वेलाची बरी. आणि ही चेरी, द्राक्षाएवढी."

"द्राक्षाएवढं टंबाटं कशाला? नाकात घालायला?"

वर्षाराणीला हसू आलं. तिनं ते गिळलं.

बोईसरच्या पावसात पाकिटातल्या जातीचे टोमॅटो कुजतात म्हणून इंदुबाईंच्या मुलानं, ज्ञानेशनं, यंदा परसात लोखंडी पाइप वाकवून त्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणला होता. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. आत शिरलं की घाम फुटायचा. त्या कागदाखाली वर्षाराणीनं दोनदा रोपं टाकली होती आणि दोन्ही वेळा ती बोटभर होऊन करपली होती. इंदुबाईंचं गावरान बी, घाटावरून लग्नात पदराला बांधून आणलेलं, चपट्या आंबट फळाचं, तेसुद्धा. चाळीस वर्षं दरसाल उघड्यावर, पावसाच्या पाण्यावर आलेलं बी. सुनेच्या हातात गेलं आणि मेलं.

आणि फक्त रोपंच गेली असती तर इंदुबाईंनी तोंड आवरलं असतं. दोन वर्षांत वर्षाराणीचं पोटही दोनदा रिकामं झालं होतं.

"आता नीट बघून घे," त्यांनी दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवले. "एक तुझा, एक माझा. तुझं वेलाचं, तुझं ते द्राक्ष, नि माझं गावरान, तिन्ही बिया दोन्हीकडं सारख्या. माती तीच, कागद तोच, पाणी तेच. हात तेवढा वेगळा. म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको, म्हातारी उगाच बोलते."

"आणि माझी नाही आली तर?"

इंदुबाईंनी अंगठ्यानं मातीत खड्डा दाबला, बी टाकलं, माती ओढली.

"तुझ्या भावाला बोलावून घेते. ह्या खेपेला पोटातलं नाय टिकलं तरी बोलावते. ज्ञानेशचं वय जातंय."

वर्षाराणीनं पाकिटाची कड दोनदा दुमडली आणि आपल्या ट्रेला हात घातला.

रोपं दोन्हीकडं आली. सातव्या दिवशी माती उचलून माना बाहेर निघाल्या. इंदुबाई सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन जायच्या आणि बोटांच्या फटीतून आपल्या ट्रेवर पाणी शिंपडायच्या. पाणी बोअरचं. ती बोअर त्यांच्या नवऱ्यानं, बन्सीनं, दोन दिवस उन्हात उभं राहून पाडून घेतली होती. तेव्हा अर्धी गल्ली त्यांच्या नळावर हंडे लावायची आणि इंदुबाई ओट्यावर बसून रांग लावून द्यायच्या. बन्सी गेला, नळ राहिला. जवळ कारखाने वाढले तशी आता गल्ली कॅनचं पाणी पिते. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेनंतर विचारलं होतं, घरी पाणी कुठलं पिता, बदलून बघा. इंदुबाई घरी येऊन म्हणाल्या होत्या, "ज्याला कॅनचं पाणी प्यायचंय त्यानं कॅनवाल्याच्या घरी ऱ्हायला जावं. मी तीस वर्षं हेच पितेय, मेले का?"

नवव्या दिवशी किनाऱ्यावरच्या नवापूरची मासळीवाली साखरबाई पाटी घेऊन दारात टेकली. इंदुबाईंनी मांदेली निवडली आणि धुवायला तांब्या पुढे केला.

"नको गो बाय. माझं पानी हाय." साखरबाईनं पाटीतून बाटली काढली.

"का? माझ्या पाण्याला काय झालं?"

"मासली नरम पडते. या गल्लीत कोनाच्याच बोरचं घेत नाय आमी आता."

"जन्मली खाऱ्या पाण्यात, नि माझ्या पाण्यानं नरम पडते व्हय? म्हातारे, हात नरम पडलेत तुझे."

"हात पडलं असतील. तोंड मातर तुझं अजून करकरीत हाय." साखरबाई हसली आणि बाटलीतल्या पाण्यानंच मांदेली धुतली.

इंदुबाई वळल्या तर वर्षाराणी चौकटीत उभी. हातात पाण्याचं फुलपात्र होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. फुलपात्र तोंडाजवळून खाली आलं होतं.

"का गं? तूबी मासळीगत नरम पडतीस का?"

वर्षाराणीनं फुलपात्र वर केलं आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

बाराव्या दिवसापासून इंदुबाईंच्या ट्रेमधल्या पानांच्या कडा तव्याला टेकल्यासारख्या व्हायला लागल्या. त्यांनी उन्हाला शिव्या दिल्या, कागदाला दिल्या, पाणी वाढवलं. दुपारीही तांब्या न्यायला लागल्या. वर्षाराणीचा ट्रे त्या बघायच्याच नाहीत. बघायला लागू नये म्हणून त्यावर गोणपाट टाकायच्या, ते ती काढून ठेवायची.

सोळाव्या दिवशी सकाळी इंदुबाई परसात आल्या तेव्हा दोरीवर चादर वाळत होती, पाणी निथळत. परवाच तर धुतली होती. "पाणी फुकटचं मिळालंय," त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या. ज्ञानेश रात्रपाळीवरून यायचा होता आणि सूनबाईंचा अजून पत्ता नव्हता. दिवस वर आला तरी अंथरुणात.

त्या कागद उचलून आत शिरल्या.

त्यांच्या ट्रेमध्ये एकही रोप उभं नव्हतं. गावरान आधी गेलं होतं. देठ मातीवर आडवे पडले होते, काळे, दोऱ्यासारखे. मातीवर पांढरी खपली धरली होती. त्यांनी ती नखानं उचलली. नळाखालच्या फरशीवर धरते तीच, माठाच्या बुडाला असते तीच.

शेजारी वर्षाराणीचा ट्रे गच्च भरला होता. वेलाचं, द्राक्षाचं, गावरान, सगळं. देठ जाड, जांभळट. पानाला बोट लागलं तर टोमॅटोचा उग्र वास हाताला आला. माती काळीभोर, खपलीचा कण नाही.

इंदुबाई वाकल्या. ट्रेच्या फळीखाली गोणपाटाच्या मागे पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन होता, अर्धा भरलेला. त्यांनी झाकण काढून ओंजळीत थोडं घेतलं आणि प्यायल्या. त्या पाण्याला चवच नव्हती. मग बाहेर येऊन नळ सोडला, बन्सीच्या बोअरचं ओंजळभर घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते चटकन गिळलं नाही. जिभेवर धरलं. मग थुंकलं.

नळ बंद करायला त्यांना वेळ लागला.

आतल्या खोलीत वर्षाराणी भिंतीकडे तोंड करून निजली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"हे कुणाकडचं?" इंदुबाईंनी कॅन खाटेजवळ ठेवला.

"शेजारच्या उषाताईंकडचं. एक दिवसाआड आणत होते."

"रोपांना?"

"हं."

"नि तू?"

वर्षाराणी वळली नाही. "तुम्ही म्हणाला होता, ज्याला कॅनचं प्यायचंय त्यानं कॅनवाल्याच्या घरी जावं. रोपांना काही म्हणाला नव्हता."

इंदुबाई स्वयंपाकघरात गेल्या. माठ कवेत घेऊन त्यांनी तो मोरीत उपडा केला. पाणी बराच वेळ जात राहिलं. मग बाहेर येऊन फुलपात्र कॅनमधल्या पाण्यानं विसळलं, काठोकाठ भरलं आणि खाटेशी उभ्या राहिल्या. तोंडात शब्द होते, पण ते कधी वापरले नव्हते. निघाले ते नेहमीचेच.

"ऊठ. घे म्हणते ना."

वर्षाराणीनं हात पुढं केला नाही.

"आत्या, आता कशाला?"

खिडकीतून दोरी दिसत होती. चादर अजून ठिबकत होती. मधोमध एक फिकट तांबूस डाग घासूनही राहिला होता, आणि ऊन मागून आल्यामुळे तो इथूनही दिसत होता.

"ज्ञानेशला..."

"पहाटेच फोन केलाय. रिक्षा घेऊन येतोय." तिनं गुडघे आणखी जवळ ओढले. "दादालाही केलाय. तुम्हाला करायला लागू नये म्हणून."

इंदुबाई खाटेच्या कडेला बसल्या. सुनेच्या पाठीवर ठेवायला त्यांनी डावा हात उचलला, तो मध्येच थांबला. त्यांनी तो परत घेतला आणि फुलपात्र दोन्ही हातांत धरलं, एक थेंब सांडू न देता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळल्याचा आवाज आला तरी त्या तशाच बसून होत्या.