दुकान वाढवायचंय

“ह्ये लाल न्हाय, विटकरी हाय. मला लाल पायजे,” म्हणत नागूबाईनं पुढ्यातलं लुगडं बाजूला सारलं.

“भाईर उजेडात धरून बघा की, नागूबाई. आत सगळंच विटकरी दिसतंय. आता माझं त्वांडबी विटकरीच दिसत आसंल,” हैदर म्हणाला.

गादीभोवती दाटून बसलेल्या बाया हसल्या. नागूबाईलाही हसू आलं. ढोकीहून बैलगाडीनं येणारी ही बाई दरवर्षी लाल मागायची, तासभर ढीग उपसायची आणि विटकरी घेऊन खुशीत घरी जायची. आजही तिनं तेच केलं. उठता उठता मात्र तिनं दम दिला, “फुडल्या साली लाल ठिवा, सांगून ठिवते.”

“फुडल्या साली दुकान दुप्पट आसंल. लाल लुगड्यांची येगळी फळीच लावतो तुमच्यासाठी.”

हे तो जरा मोठ्यानं बोलला. गल्ल्यावर बसलेल्या बाबामियाँना ऐकू जावं, असंही त्याच्या मनात असावं. बाबामियाँनी मान वर केली नाही.

त्या वर्षी पाडवा आणि रमजानची ईद पाठोपाठ आली होती. उद्या पाडवा, परवा ईद. उस्मानाबादच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती आणि बाबामियाँच्या कापडाच्या दुकानात तर श्वास घ्यायलाही. एका हाताला खणाचोळीवाल्या बाया, दुसऱ्या हाताला पोरांच्या सदऱ्यासाठी छीट बघणाऱ्या बुरखेवाल्या, आणि दारात धोतरजोडीसाठी ताटकळलेले त्यांचे नवरे. या साऱ्यांना एकटा हैदर पुरा पडत होता. तोही रोजा धरून. घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती, पण तोंडाचा पट्टा चालू होता. कापड विकायला हातापेक्षा तोंड जास्त लागतं आणि हैदरचं तोंड म्हणजे त्या दुकानाचं अर्धं भांडवल होतं. बाबामियाँना हे पक्कं माहीत होतं. किती पक्कं, ते हैदरला अजून कळायचं होतं.

मिसरूड फुटायच्या आधी तो या दुकानात आला. इथंच त्याचं लग्न ठरलं, इथंच त्याचे केस पिकले. निजामाचं राज्य गेलं त्या साली गावातली बरीच घरं हैदराबादला निघून गेली. हैदरचा थोरला भाऊ खाजाभाईही गेला, आणि ‘तूही चल’ म्हणून त्यानं हैदरचा हात धरून ठेवला होता. तेव्हा बाबामियाँ म्हणाले होते, “तू गेल्यावर म्या कुनाच्या भरवशावर ऱ्हाऊ? म्या न्हाय जानार. तूबी जाऊ नगंस.” हैदर राहिला. भाऊ रुसला तो रुसलाच.

आणि यंदा, रमजान लागायच्या आधी, शेजारची कासाराची खोली रिकामी झाली. हैदर भिंतीवर हात फिरवत म्हणाला, “मालक, ही भिंत काढली तर काय ऐसपैस व्हईल.” बाबामियाँनी त्या भिंतीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “हैदर, ईद झाली की दुकान वाढवायचंय.”

झालं. त्या रात्री हैदरला झोप आली नाही. नव्या खोलीत बायकांचं कापड मांडायचं, तिथं आपली स्वतःची गादी घालायची, हे सगळं त्यानं पडल्या पडल्या लावून टाकलं. बायकोला सांगितलं. बायकोनं गल्लीला सांगितलं. समोरच्या दुकानाचा धुळाप्पा त्याला कधीपासून आपल्याकडे बोलवत होता. मागच्या महिन्यात तो शेवटचं विचारायला आला, तेव्हा हैदरनं बाबामियाँच्या देखतच त्याला सांगून टाकलं, “आमचंच दुकान वाढनार हाय, आप्पा. आता म्या कसा येऊ?” धुळाप्पानं आपल्या भाच्याला कामावर घेतलं. बाबामियाँ तेव्हा एवढंच म्हणाले होते, “अल्ला मालिक हाय.”

दुपार कलल्यावर सरकारी दवाखान्यातल्या नर्स रूथबाई आल्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. गावात त्यांच्या धर्माची दोन-चारच घरं. दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात मुलींच्या झग्यांसाठी त्या पांढरं कापड न्यायच्या. धूळ लागू नये म्हणून हैदर ते कापड आतल्या फळीवर झाकून ठेवायचा.

“यंदा लई लौकर, बाई? तुमचा सन तर अजून लांब हाय,” त्यानं विचारलं.

“हो, पण ईस्टरपर्यंत तुमचं दुकान कुठं असणार? म्हटलं, आताच नेऊन ठेवावं.”

“दुकान कुठं जातंय? हितंच हाय की. उलट वाढनार हाय.”

“तेच म्हणते मी. ताहेराबी परवा औषधाला आल्या होत्या. सांगत होत्या, ईद झाली की दुकान वाढवून दोघं कायमचे हैदराबादला लेकाकडं जाणार. जागासुद्धा दिली म्हणे कुणाला तरी पिठाच्या गिरणीसाठी.” हैदरचा चेहरा बघून त्या थबकल्या. “तुम्हाला ठाऊकच असेल म्हणून बोलले मी, हैदरभाई.”

ताहेराबी म्हणजे बाबामियाँची बायको. तिनं खोटं सांगायचं काही कारण नव्हतं.

दुकानदार माणूस दुकान कधी ‘बंद’ करत नाही, ‘वाढवतो’. बांगडी जशी फुटत नाही, वाढते, तसंच. बंद हा शब्द अशुभ, तो गादीवर बसून कुणी उच्चारायचा नाही. रोज संध्याकाळी बाबामियाँ म्हणायचे, “चल हैदर, वाढव.” आणि हैदर फळ्या लावायचा. इतकी वर्षं रोज कानावर पडलेला शब्द, पण त्या दिवशी कासाराच्या भिंतीवर हात ठेवून उभ्या असलेल्या हैदरला त्याचा दुसराच अर्थ लागला. कान त्याचेच होते. मन मध्ये आडवं आलं.

त्यानं गल्ल्याकडे पाहिलं. बाबामियाँ तस्बीचे मणी ओढत खाली बघत होते. खाली बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

हैदरनं पांढरं कापड काढलं, गजानं मोजलं, फाडलं, घडी घातली. हात कुठंही चुकला नाही. त्याचं त्यालाच नंतर वाईट वाटलं. निदान आज तरी हात चुकायला हवा होता. मग लोहाऱ्याच्या एका नवऱ्या मुलीच्या घरची माणसं आली, त्यांना शालू दाखवले, त्यांनाही हसवलं. फसवल्या गेलेल्या माणसालाही गिऱ्हाईक सोडत नाही.

उन्हं उतरली तशा खेड्यांकडच्या गाड्या जुंपल्या गेल्या आणि दुकान मोकळं झालं. बाबामियाँनी तस्बी खिशात घातली.

“चल हैदर, वाढव.”

हैदर जागचा हलला नाही. “किती वाढवू, मालक? रोजच्यावानी, का कायमचं?”

बाबामियाँचा चेहरा उतरला. “तुला कुनी सांगितलं?”

“परक्यांना ठाव हाय. मलाच ठाव न्हवतं.”

“म्या तर तुला समद्यांच्या आदुगर सांगितलं व्हतं. ईदीनंतर दुकान वाढवायचं, ह्येच बोललो व्हतो. रोज्याच्या तोंडानं सांगतो, हैदर, एक हर्फ झूट बोललो न्हाय.”

“न्हाय बोलला. पन म्या काय समजलो, ते तुमाला कळलं व्हतं का न्हाय? त्येवढं सांगा.”

रस्त्यावरून एक टांगा गेला. तो लांब जाईपर्यंत बाबामियाँ त्याच्याकडे बघत राहिले.

“कळलं व्हतं,” ते म्हणाले. “तवाच कळलं व्हतं. पन सन तोंडावर आलता. तू धुळाप्पाकडं गेला आसतास तर येवढा माल कुनी काढला आसता? बाया तुझ्याकडं बघून येत्यात, हैदर. माझ्याकडं कोन येतंय?”

शाबासकीच होती ती. एवढी मोठी शाबासकी बाबामियाँनी त्याला उभ्या जन्मात दिली नव्हती, आणि ती ऐकताना हैदरला वाटलं की कुणीतरी आपल्याला भर बाजारात उघडं केलंय. खाजाभाईनं धरलेला हात आपण याच माणसासाठी सोडवून घेतला होता. तोच माणूस आता हैदराबादला निघाला होता, आणि जाता जाता आपल्या तोंडाचं शेवटचं पाणीही काढून घेत होता.

“उद्या पाडवा हाय,” बाबामियाँ हळूच म्हणाले. “सकाळचा येळ तरी येशील न्हवं?”

“न्हाय,” हैदर म्हणाला.

त्यानं फळ्या लावल्या. रोजच्यासारख्याच, एकीत एक नीट अडकवून, आणि कुलूप ओढून बघितलं.

घरी अंगणात त्याची बायको गुलबानो पाटावर शेवया करत बसली होती. दोरीवर शेवयांच्या लडी वाळत होत्या. मगरिबची बांग झाली, हैदरनं खजूर तोंडात टाकला, वर गार पाणी प्यायला, नमाज पढला आणि अंगणातल्या बाजेवर आडवा झाला. वाऱ्याची झुळूक येत होती. सणाआधीची अशी निवांत संध्याकाळ त्याला एरवी मिळत नसे. त्यानं पाय ताणले. पाय दुखत होते, आणि ते दुखणं नेहमीसारखं गोड लागत नव्हतं.

“नव्या खोलीत तुमची गादी कुठं घालनार?” शेवई ओढत गुलबानोनं विचारलं. “दाराजवळ नगा. धूळ येती.”

हैदरनं डोळे मिटले. किती सोपं होतं. ‘खिडकीजवळ घालीन’ म्हटलं की झालं. तिची ईद हसतखेळत झाली असती, शेजारणींना तिनं शीरखुर्मा मिरवत वाढला असता. दोन दिवसांनी सांगितलं तर काय बिघडणार होतं? सण तोंडावर आहे. एवढं मनात आलं आणि तो बाजेवर ताडकन उठून बसला. हे शब्द कुणाचे, ते त्यानं ओळखलं होतं.

“गुलबानो, गादी न्हाय घालायची. बाबामियाँ हैदराबादला चाललेत. दुकान ऱ्हानार न्हाय.”

“आन वाढवायचं म्हनले व्हते, त्ये?”

“त्ये ह्येच.”

तिचा हात थांबला. ओढून लांब केलेली शेवई मधेच तुटून पाटावर पडली. तिनं तुटकी शेवई पिठाच्या गोळ्यात दाबली. मग म्हणाली, “अन् तुमी धुळाप्पाला न्हाय म्हनून आलात.”

“व्हय.”

“बाबामियाँच्या म्होरंच?”

“व्हय.”

तेवढ्यात कुडापलीकडून शेजारच्या गजराबाईचं डोकं वर आलं. तिनं उद्याच्या गुढीची काठी धुऊन भिंतीला टेकवून ठेवली होती, हात ओलेच होते. “हैदरभावजी, आले का? आवो, दुकान कदी वाढनार तुमचं? नव्या दुकानातलं पयलं लुगडं मलाच द्या बरं.”

गुलबानोनं मान खाली घातली. कालपर्यंत हीच गोष्ट तिनं याच कुडापाशी उभं राहून कितीदा सांगितली होती.

हैदर उठला, कुडाजवळ गेला.

“बंद व्हनार, वैनी,” तो म्हणाला. “दुकान बंद व्हनार.”

गजराबाईनं ओला हात तोंडावर ठेवला. दुकानात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून ती चरकलीच. “अशी वंगाळ भाषा बोलू न्हाय, भावजी. सनासुदीचं तर न्हाईच न्हाई.”

“व्हय, बोलू न्हाय,” हैदर म्हणाला. “पन न्हाय बोललं तर कळत न्हाय.”