पाठमोरा मास्तर

आजारपणाने माणूस मवाळ होतो म्हणतात. आमच्या बाबांना ते कुणी सांगितलेलं नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बाबांच्या, म्हणजे धर्मा मास्तरांच्या, बँडशिवाय हळद व्हायची नाही. बाबा ट्रम्पेट वाजवत पुढे आणि बँड त्यांच्या मागे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, ओठांतली फुंक गेली, आणि ट्रम्पेटची पेटी माळ्यावर गेली.

आता माझ्या लेकीची, तेजलची हळद तोंडावर आली होती. नातीच्या हळदीला मास्तर बँडपुढे उभे राहिलेच पाहिजेत, असा आईचा हेका. ज्याला वाजवता येत नाही त्याने पुढे उभं राहून काय करायचं, मी घरातच बसणार, असा बाबांचा. दोघांच्या मध्ये मी भरडून निघत होते.

माझा भाऊ प्रज्योत अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. त्यांनी एक खेळ बनवलाय. भिंतीएवढ्या पडद्यावर मोठा वाद्यवृंद बसलेला असतो, पडद्याखाली आपल्याकडे रोखलेला कॅमेरा. आपण हात हलवू तसे ते वाजवतात. हात भरभर तर वाजवणंही भरभर, हात थांबला की सगळे गप्प. एक हातही पुरतो आणि फुंकावं तर अजिबात लागत नाही. प्रज्योतने त्यात आमच्या बँडची हळदीची चाल घातली, आणि रविवारी आम्ही आईबाबांना रिक्षात कोंबून तिथे नेलं. आई खुर्चीत बसून गुडघा चोळत होती. डास मारल्यासारखे हात हलवायला एवढ्या लांब कशाला यायचं, हे ती वाटेतच बोलून मोकळी झाली होती.

बाबांनी पडद्याकडे एकदा पाहिलं, मान डोलावली, आणि ते त्याच्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. डावा हात वर. कॅमेऱ्याला दिसत होती नुसती पाठ, त्यामुळे पडद्यावर सगळे ढिम्म. प्रज्योतने खांदे धरून त्यांना वळवलं. ते पुन्हा फिरले. त्याच्या ऑफिसातली मंडळी बघत होती. बाबांचं हसं होतंय असं वाटून मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी चिडते.

"बाबा, वाजवणारे तिकडे आहेत ना!"

"त्यांना ठाव हाय काय वाजवायचा," बाबा म्हणाले. "मास्तर नाचनाऱ्यांच्या पायाकडं बगतो."

खरंच की. वरातीत नाचणारे पुढे असायचे, बाबांचे डोळे त्यांच्या पायांवर, आणि मागचा बँड बाबांची पाठ बघून वाजवायचा. जन्मभर बघितलेली गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. प्रज्योतने कॅमेरा उचलला आणि आईच्या खुर्चीमागे, बाबांच्या समोर आणून ठेवला.

डावा हात पुन्हा वर गेला आणि चाल सुरू झाली. पण किती सावकाश! एरवी ही चाल ऐकून म्हातारेकोतारे उड्या मारतात. मशीन बिघडलं असं मला वाटलं. मग मी आईकडे पाहिलं. गुडघ्यापायी नाचणं सोडलेली ती बाई बसल्या बसल्या एक पाय आपटत होती, जपून, दुखणार नाही एवढाच. बाबांची नजर त्या पायावर होती. पाय उचलला की त्यांचा हात वर, टेकला की खाली. पडद्यावरचे ते काळ्या कोटातले सगळे जण माझ्या आईच्या गुडघ्याला सांभाळून वाजवत होते. मला रडू आवरलं नाही. मी आवरलंही नाही.

चाल संपली तेव्हा बाबांना धाप लागली होती. तरी ते आधी आईजवळ गेले. "दुखला काय गो?"

थोडा दुखला, म्हणाली ती.

"मंग तेजलच्या हळदीला बँडच्या पोरांकडून आनखी हळू घेईन. तू फकस्त माज्यासमोर खुर्ची टाकून बस."

आईने पदर सारखा केला. "खुर्ची कशाला? तुमी हळू घेनार तर मी नाचनार."