माझ्या अंगाचे बांबू सोडा

मी खाट बोलतेय. आधीच सांगून ठेवते, आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. अहो, खाट ही माणसानं पाठ टेकायची वस्तू. तिला खांद्यावर घेऊन रानातून पळायचं, हे कोणी ठरवलं? ठरवताना मला विचारलं का? माणसांनाच कोणी विचारत नाही, तिथं माझं काय!

मला नागभीडच्या जाफरभाई सुतारांनी घडवलं. आलापल्लीच्या सागाचा तोरा माझ्यात नाही. मी साध्या ऐनाच्या लाकडाची, पण चारही पाय एका मापाचे. जाफरभाई गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बसून पाहा ना भाऊ. कुरकुरली तं वापस आनून देजा." तळ्यात मासे धरणारा डोमाभाऊ बसला, दोनदा हलून पाहिलं आणि मला बैलगाडीत टाकून जंगलातल्या कोसमटोल्याला घेऊन आला. त्याच्या बायकोनं, गोकुळाबाईनं, अंबाडीची दोरी ओढून ओढून मला विणलं.

माणसं खाट घेतात झोपायला आणि दिवसभर तिच्यावर वाट्टेल ते पसरतात. माझ्यावर मोहफुलं वाळली, मिरच्या वाळल्या, डोमाभाऊचं फाटकं जाळं तर कायमचंच. मासळीचा वास अजून जात नाही. मी तेव्हा कुरकुर करायची. आता वाटतं, तेच दिवस बरे होते.

आमच्या गावाच्या आणि तालुक्याच्या मधे एक नाला आहे. पावसाळ्यात तो कोणाचं ऐकत नाही. त्याच्यावर पूल मंजूर झालाय, असं मी या घरात आल्यापासून ऐकतेय. डोमाभाऊची भावजय सोमारी बाळंतपणात अडली, तेव्हा गावातल्या गड्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले, तिला माझ्यावर निजवलं आणि धावत नाल्यावर नेलं. नाला भरून वाहत होता. मला काठावर टेकवून सगळे पाणी उतरायची वाट पाहत बसले. सोमारीनं माझी दोरी मुठीत गच्च धरली होती. पाणी उतरायच्या आधीच तिची मूठ सुटली. मी लाकूड आहे, पण त्या दिवशी मला चुलीत जावंसं वाटलं.

पुढे गावोगावच्या माणसांनी तालुक्याला खेटे घातले आणि नाल्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला, सरकारी दवाखाना झाला. दहा खाटांचा! सरकार दवाखाना आमच्यावरून मोजतं, हे ऐकून मी मनातून फुशारले होते. गोकुळाबाईनं माझे बांबू सोडले, अंगणात रोवले आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला. तिची रोशनी त्याच दवाखान्यात जन्मली. बांबू जुने झाले की नवे येत, वेल दरसाल चढत राहिला, आणि मी निवांत अंगणात पडून असायची. आता रोशनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. दिवस भरत आलेत.

आणि नेमकं आत्ताच ठरलंय म्हणे, दवाखाना बंद करायचा. कारण काय, तर खाटा रिकाम्या राहतात! अरे बाबांनो, डॉक्टर बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा दिला नाही, म्हणून माणसं जाईनात. माणसं जात नाहीत, म्हणून डॉक्टर देईनात. यात खाटांचा काय दोष? एकटी आफ्रीन सिस्टर तिथं बाळंतपणं करते, सापाचं औषध सांभाळते. वर्षभरात कोणी साहेब तिच्याकडे साधा फिरकला नाही.

लोकांचं म्हणणं ऐकायला बैठकही ठेवली. कधी? धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, भर दुपारी, जेव्हा सारं गाव बांधीतल्या चिखलात वाकलेलं असतं. सूचना कुठे चिकटवली? नाल्यापलीकडच्या कचेरीच्या दारावर. आफ्रीन सिस्टरनं गावात येऊन सांगितलं, म्हणून बायका चिखलाच्या हातांनी, रोवणा सोडून आल्या.

तालुक्याचे साहेब जीपमधून आमच्या अंगणात आले. आता पाहुणा आला की आमच्याकडे काय करतात? खाट टाकतात. घरधनी खाली बसतो, पाहुणा खाटेवर. गोकुळाबाईनं माझ्यावर धुतलेली चादर घातली आणि साहेब बसले. चांगलेच भारी होते. त्यांनी कागद वाचला. त्यात 'सुसूत्रीकरण' असा काहीतरी शब्द होता. मग "कोणाला काही बोलायचं आहे?" असं विचारता विचारता त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला असा संताप आला!

डोमाभाऊचा पुतण्या धनराज उठला. तो सोमारीचा थोरला मुलगा. "साहेब, नाल्याचं काय?"

"नोंद घेतली आहे," साहेब म्हणाले. पेनाचं टोपण अजून लागलेलंच.

गोकुळाबाई पदर खोचून पुढे आली. "साहेब, आमाले बोलता येत नाई. बोललो तं तुमी नोंद घेता. तुमी खाटेवरच बसून राहा. आमी जरा दाखवतो. चालते का?"

"चालतं, चालतं," साहेब हसून म्हणाले. त्यांना वाटलं, इकडची मानपानाची काही रीत असेल. सोबतच्या कारकुनानं तर फोटो काढायला मोबाइलही वर धरला.

धनराजनं वेल बाजूला सारून बांबू उपटले. लगडलेले दोडके मातीत लोळले. बांबू माझ्या अंगाला बांधले, चौघांनी खांदा दिला आणि निघाले. साहेब आधी हात हलवत होते. पांदणीत खड्डे लागले तसे त्यांनी माझी दोरी धरली. "हळू, हळू!" म्हणू लागले. कोणी हळू झालं नाही. इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्याच वाटेनं चालले होते आणि पुढे काय आहे, ते मला ठाऊक होतं.

सकाळी जीप ज्या नाल्यातून आली, तो आता लाल पाण्यानं भरून आला होता. वर डोंगरात पाऊस झाला असावा. धनराजनं मला काठावर टेकवलं आणि सगळे मातीत बसले.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता बसाचं," डोमाभाऊ म्हणाला.

"किती वेळ?"

"ते नाल्याले इचारा, साहेब."

 धनराज म्हणाला, "माही माय इथीच गेली. याच खाटेवर." साहेबांनी माझ्या दोरीवरचा हात काढून घेतला. मग हळूच विचारलं, "मग आता बाळंतीण अडली की काय करता?"

"दवाखान्यात नेतो," गोकुळाबाई म्हणाली. "जो तुमी बंद करून राह्यले."

पाणी उतरेना. शेवटी साहेब त्याच दवाखान्यात गेले. आफ्रीन सिस्टरनं चहा दिला आणि एका रिकाम्या खाटेवर त्यांनी पाठ टेकली. लागली की कामाला एक खाट! संध्याकाळी पाणी उतरल्यावर निघताना म्हणाले, रोवणा झाला की गावात पुन्हा येतो, ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय काही होणार नाही. तोंडानं म्हणाले. लिहून काही दिलं नाही.

म्हणून मी अजून अशीच आहे, अंगाला बांबू बांधलेली. दोडक्याचा वेल जमिनीवर लोळतोय. काल संध्याकाळी रोशनी सुजलेले पाय घेऊन माझ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, हे बांबू सोड ना वं. टोचून राह्यले."

गोकुळाबाई तिच्या पायाला तेल लावत होती. वर न बघता म्हणाली, "तू लेकरू घेऊन घरी आली का सोडीन."

ऐका, ठरवणाऱ्यांनो. पुढच्या वेळी याल, तेव्हाही मी तुम्हाला बसायला जागा देईन. पण आधी विचारा, मग ठरवा. आणि रोशनी, तुझं ओझं मला जड नाही गं. फक्त मला तुला नाल्यावर न्यायचं नाही. तू तुझ्या पायांनी त्या दवाखान्यात जा, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तुझं लेकरू माझ्यावर आणून निजव. तेवढ्यासाठी मी दोरी ताणून बसलेय.