गंजवाल्यांची रेघ

"वहिनी, वर्षभर तरी राहू द्या ना त्याला," माझ्या टेबलापाशी खुर्चीच्या टोकावर टेकत गंजवाले भावजी म्हणाले.

'त्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो आणि भावजी, दोघांची मिळून गंजावरची एक प्रयोगशाळा होती. समोर पडद्यावर आमच्या संशोधन संस्थेचा नकाशा होता. प्रत्येक शास्त्रज्ञाचा त्याच्या ज्ञानाएवढा एक ठिपका, आणि अडलं-नडलं की कोण कोणाला विचारतं, त्याच्या रेघा. कोणाचं ज्ञान किती नि माणसं किती जोडलेली, हे समिती त्यावरून मोजते. नकाशा काढते मी. शास्त्रज्ञ नसल्यामुळे मी त्यात नाही.

नवऱ्याचा ठिपका मुगाएवढा, रेघा मात्र चहूकडे. घरी 'मीठ दे'च्या पलीकडे शब्द फुटत नसे, आणि इथे साहेब दारोदार गप्पा हाणत होते! दरवर्षी ते बघून माझा जळफळाट व्हायचा. यंदा काहीच झालं नाही. तो गेल्यापासून मी बधिरच आहे.

"गेलेल्या माणसाला ठेवता येत नाही, भावजी," मी म्हणाले आणि ठिपका पुसला.

रेघा गेल्या. बाकीचे ठिपके आपोआप जरा सरकून बसले. भावजींचा तेवढा एकटाच कोपऱ्यात जाऊन पडला. कोणाशीच न जोडलेली प्रयोगशाळा बंद करायची, असा समितीचा नियम आहे.

"बाहेरचं सगळं तोच बघायचा हो. मला नाही जमत लोकांशी बोलायला."

"काही अडलंय का सध्या?"

"पट्ट्यांवरचा लेप सुटतोय. किती दिवस झाले, कारणच कळत नाही."

"आणि लेपांचं सगळं जाणणाऱ्या रंगवाल्या बाई समोरच बसतात! काखेत कळसा नि गावाला वळसा. जा, विचारून या. विचारलंत तर रेघ काढते, खोटी काढणार नाही."

भावजी गेले. बंद दारापुढे उभे राहिले. खिशातून लोखंडाची पट्टी काढली, परत ठेवली. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हात काही दारापर्यंत जाईना. मग ते मागे वळले.

कोणाच्या दारी जाणं मलाही जमत नाही. ते काम नवऱ्याचं. तरी उठले आणि दार वाजवलं.

"यांचं जरा काम होतं तुमच्याकडे," मी रंगवाल्या बाईंना म्हणाले.

"अहो, या की! तुमचे मित्र किती सांगायचे तुमच्याबद्दल." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "तुम्हीपण बसा ना."

"नको, काम पडलंय."

भावजींनी पट्टी पुढे केली. दोघांची डोकी तिच्यावर वाकली, तेव्हा मी निघाले.

जागेवर येऊन रेघ काढली. कोपऱ्यातला ठिपका हलला आणि इतरांत जाऊन मिसळला. प्रयोगशाळा वाचली. नकाशा पाठवण्याआधी नवरा कुठे असायचा ते बघावं म्हटलं. पण ठिपके पुन्हा सरकले होते. ती जागा मला सापडली नाही.